चटईवरची पस्तीस वर्तुळं

चटईवर पस्तीस वर्तुळं होती. सात-सातच्या पाच ओळी. वर्षभर ती तिथेच होती आणि मला दिसली नव्हती.

नुसत्या डोळ्यांनी ती कुणालाच दिसली नसती म्हणा. डोळ्यांना दिसायची ती साधी निळी व्हिनाइलची चटई, वर पिवळे हत्ती, एका कोपऱ्यात बारक्या दातांच्या खुणा. वर्तुळं उमटली ती पडद्यावर. आमच्या प्रयोगशाळेत त्या आठवड्यात नवा पाट आला होता. त्यावर अख्खी वस्तू अंथरायची, मग यंत्राचं डोकं इस्त्रीसारखं तिच्यावरून फिरतं आणि कुठे किती ऊन लागलं होतं त्याचा नकाशा काढतं. आमचे प्रमुख सरोदे सर म्हणाले होते, "फिरके मॅडम, आधी वाचून झालेला एखादा जुना नमुना लावून बघा. नव्यावर प्रयोग नकोत."

थंड कपाटात दोनशेच्या वर नमुने होते. मी एकशे सतरा काढला. तोच का, हे सरांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, माहीत नाही.

पडद्यावर चटई लाल दिसत होती. बावन्न अंश. वर्षापूर्वी मी सही केली होती तोच आकडा. पण लालमध्ये वीत वीत रुंदीचे पस्तीस निळसर गोल होते, फक्त त्रेचाळीस अंशांचे. आणि सगळ्यात खाली, ओळीच्या बाहेर, पुरीएवढं एक छत्तिसावं.

वर्षापूर्वी मी नियमाप्रमाणे तीन ठिकाणी वाचन घेतलं होतं. दोन कोपरे आणि मध्यभाग. तिन्ही टिंबं गोलांच्या मधल्या फटींत पडली होती.

आमचं काम काय ते आधी सांगायला हवं.

व्हिनाइलचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या. लहान मुलीचे केस अंघोळीनंतर टॉवेलने खसाखसा पुसल्यावर होतात तसा सगळा गुंता. पण त्या गुंत्यात मध्येच कुठे दहा-वीस केस विंचरल्यासारखे नीट शेजारीशेजारी बसलेले असतात. साखळ्यांचे असे शिस्तीत बसलेले पुंजके म्हणजे व्हिनाइलचे स्फटिक. शंभरातले जेमतेम सात-आठ भाग, तेही इतके बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसत नाहीत. पण गाठींसारखे तेच सगळं धरून ठेवतात. तेलकट द्रव्यं घालून मऊ केलेली चटई, बाहुली, चप्पल आपला आकार सोडत नाही ती त्यांच्या जोरावर.

आता ही चटई तापली समजा. सैल साखळ्या वळवळतात, एकमेकींजवळ सरकतात, घोळका करतात आणि नव्या गाठी बसतात. गंमत अशी की जी गाठ ज्या उन्हात बसली, त्याच्या थोडं वर नेलं की ती सुटते. चाळीसला बसलेली आधी सुटते, बावन्नला बसलेली नंतर. आणि जितका वेळ तापलं, तितक्या गाठी जास्त. म्हणजे आपण किती तापलो होतो हे प्लास्टिकच्या लक्षात राहतं. एम.एस्सी.ला मी ही गोष्ट चार मार्कांसाठी पाठ केली होती. पुढे कुणीतरी टाचणीच्या टोकाएवढ्या जागेला प्रकाशाने सावकाश ऊब देऊन या गाठी सुटताना मोजणारं यंत्र केलं, आणि त्या चार मार्कांवर माझी नोकरी उभी राहिली.

यंत्राला दोन गोष्टी जमत नाहीत. वस्तू कधी तापली ते त्याला कळत नाही. किती आणि किती वेळ, एवढंच. आणि जिथे वाचलं तिथली आठवण पुसली जाते. गाठ सुटली की सुटली. एक टिंब एकदाच. तसंच कुणी ती वस्तू आणखी तापवली तर आधीचं सगळंच जातं. त्याला कपभर कढत पाणी पुरतं. म्हणून तर थंड कपाट.

जळगावात पारा एकोणपन्नासवर गेला त्या उन्हाळ्यानंतर उष्मा सुरक्षा कायदा आला. कुठल्याही बंद जागेत माणसं ठेवायची तर चाळीसच्या आत. मजूर म्हणायचा शेड तापली होती, मालक म्हणायचा कूलर चालू होता. आता शेडमधली रेक्झिनची खुर्चीच साक्ष द्यायला लागली. यंत्राला आम्ही लाडाने 'तलाठी' म्हणायचो. तलाठ्याने लिहिलं ते लिहिलं. चार वर्षांत एकाही वकिलाला त्याचा आकडा खोडता आला नव्हता.

एकशे सतरा नंबरचा नमुना आला तेव्हा त्यावर नाव नव्हतं. आमच्याकडे नावं येतच नाहीत, पक्षपात नको म्हणून, आणि कोर्टात अहवाल जातो तो प्रमुखांच्या सहीने. पण पिवळे हत्ती मी ओळखले. कोपऱ्यातल्या दातांच्या खुणा तर माझ्याच घरातल्या होत्या. माझी निरू, दोन वर्षांची, ज्या पाळणाघरात उष्माघाताने कोसळली होती, तिथली ही दुपारच्या झोपेची चटई. नोंदपत्रकावर पहिलाच प्रश्न असतो: नमुना ओळखीचा आहे काय? मी 'नाही'वर खूण केली.

त्या दिवशी ते मला न्यायाचं वाटलं होतं. दुसऱ्या कुणी घाईघाईत वाचू नये, एवढंच.

बावन्न निघाले. पाळणाघर चालवणाऱ्या इंदूमावशींना अटक झाली.

मग काय झालं बघा. पाळणाघरात त्या दिवशी आणखी अकरा मुलं होती. अकराच्या अकरा धडधाकट घरी गेली होती. बावन्न अंशांत दोन वर्षांची अकरा मुलं दिवसभर हसत-खेळत कशी राहिली, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण आकडा पेपरात आल्यावर एकेका आईला आठवायला लागलं. कुणाच्या मुलाला त्या आठवड्यात उलटी झाली होती, कुणाची मुलगी कशी गळून घरी यायची. त्या बायका खोटं बोलत नव्हत्या. त्यांना खरंच आठवत होतं.

वर्तुळं दिसली त्या दिवशी मी लवकर घरी आले. हर्षल आधीच आला होता, त्याची पहिली पाळी असते ठिबकच्या नळ्यांच्या कारखान्यात. निरू जमिनीवर उशा मांडून बसली होती. ती आता चालते ती धावत्या बैलगाडीत उभं राहिल्यासारखी. त्या उन्हाळ्याआधी तिच्याकडे चाळीसेक शब्द होते, मी वहीत लिहून ठेवायचे. आता पाच. पण एक खेळ मात्र ती रोज खेळते. उलट्या हाताने उशीच्या कपाळाला हात लावते, मग हर्षलच्या, मग माझ्या, आणि भुवया उंचावून बघत राहते. तिला उत्तर हवं असतं. "नाही गं, ताप नाही," असं म्हटलं की पुढच्या उशीकडे.

"बिबड्यांचा डबा कुठाय?" मी विचारलं.

"आता? चहा तरी घे आधी."

"हर्षल, डबा."

तो माळ्यावरून काढून दिला त्याने. मागच्या मे महिन्यातल्या बिबड्या. एकही खाल्ली नव्हती आम्ही, फेकवतही नव्हत्या. जळगावात उन्हाळ्यात प्रत्येक घराच्या गच्चीवर ज्वारीचं शिजवलेलं पीठ ओल्या हाताने गोल गोल थापून वाळत घालतात. मला कुठला वेळ? म्हणून मीच म्हटलं होतं, "मावशी, यंदा माझ्याही तुमच्याबरोबर करून द्याल का?"

मी पट्टी घेतली. वाळून आक्रसतात तेवढा फरक धरला. वीतभर. एकेक मोजत गेले तसा हर्षल बघत राहिला. पस्तीस. डब्याच्या तळाशी पुरीएवढी एक होती. तिच्यावर पाच बोटांचे खळगे होते.

"ही निरूची," हर्षल म्हणाला. "मावशींनी तेव्हा सांगितलं होतं, पोरीने स्वतः थापली म्हणून. तू कौतुकाने फोटो काढलेला."

ओलं पीठ वाळताना खालचं प्लास्टिक गार ठेवतं. माठातलं पाणी गार राहतं, तसंच. मधल्या फटी तापतात, गोल तापत नाहीत. ती चटई खोलीत तापलीच नव्हती.

"म्हणजे मावशी..." हर्षल म्हणाला, आणि थांबला. आमच्या घरात वर्षभर बरीच वाक्यं अशी थांबायची. कारण हे वाक्य पुढे नेलं की तिथे तो सोमवार होता.

त्या सोमवारी सकाळी निरूला एकशे एक ताप होता. माझी एका खटल्यात साक्ष होती, हर्षलच्या कारखान्यात तपासणी. पाळणाघराचा नियम साधा होता: ताप असलेलं मूल आणायचं नाही. मी चमचा भरला, हर्षलने तिचे हात धरले. गुलाबी औषध, पाच मिलि. अर्ध्या तासात कपाळ गार. साडेनऊला दारात इंदूमावशींनी निरूच्या कपाळाला हात लावला. त्या प्रत्येक पोराला लावायच्या. "गार आहे हो पोरगी." मी म्हटलं, "हो ना."

अडीचला फोन आला. दवाखान्यात तिचे डोळे वर गेले होते, हातपाय झटके देत होते. वॉर्डात आधीच उष्माघाताचे तीन रुग्ण होते. डॉक्टरांनी घाईत विचारलं, "सकाळी ताप होता? काही औषध दिलं होतं?"

मी म्हटलं, "नाही."

हर्षल माझ्या शेजारी उभा होता.

त्यांनी तिला बर्फात ठेवलं. मणक्यातलं पाणी काढून तपासलं ते तिसऱ्या दिवशी. मेंदूला सूज. उष्म्याने येते, जंतूनेही येते. आता सांगणं अवघड, म्हणाले. आठवडाभराने आकडा आला, बावन्न. त्या रात्री मी आठवड्यातली पहिली पूर्ण झोप झोपले.

वर्तुळं दिसली त्याच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, दुपारच्या सुट्टीत मी पिंप्राळ्याला गेले. इंदूमावशी जामिनावर होत्या. सोमवारी निकाल होता. दारावरची पाळणाघराची पाटी काढली होती, तिचे चार खिळे राहिले होते.

मला बघून त्या उठून उभ्या राहिल्या. मी फिर्यादी. त्यांना कळेना बसायला सांगावं की नाही.

"बसा ना, निरूची मम्मी. कशी आहे पोरगी?"

"चालते. मावशी, एक विचारायचं होतं. निरू आजारी पडली त्या दिवसांत चटई कुठे होती?"

त्यांचा चेहरा पडला. पदराशी चाळा करायला लागल्या.

"आता काय करायचंय व बाई तिचं?"

"सांगा ना."

"गच्चीवर होती. आठ दिवस. वरून जुनी साडी टाकलेली, कावळे येतात म्हणून. माझ्याकडचा प्लास्टिकचा कागद फाटला होता, आणि तुमच्या, रोहनच्या मम्मीच्या, सगळ्यांच्याच बिबड्या अंगावर घेतलेल्या. पोलीस यायच्या आदल्या संध्याकाळी धुऊन खाली अंथरली."

"मग मुलं?"

"फरशीवर झोपायची. ओलं फडकं फिरवायचे मी तासातासाला. कूलर चालू. गारेगार असायची फरशी, मीच आडवी व्हायचे त्यांच्यात."

"हे तुम्ही सांगितलं का नाही कुणाला?"

"चटईचं मला कोणी विचारलंच नाही. खोलीचं विचारलं. मी म्हटलं, कूलर होता. ते म्हणाले, मशीन सांगते बावन्न." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "आणि खरं सांगू? लाज वाटली. पोरांच्या चटईवर खायची वस्तू वाळत घातली. तुम्ही किती चोखंदळ. दर रविवारी खेळणी उकळून आणायच्या. एकदा वाटीला खरकटं दिसलं तर केवढ्या बोलल्या होत्या मला. म्हटलं, हे कळलं तर आणखी..."

आणखी काय व्हायचं राहिलं होतं?

"मावशी, तुम्हाला काय वाटतं? खोली तापली होती?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं ते मी अजून विसरले नाही. राग नव्हता. शाळेत चुकलेलं गणित कबूल करणाऱ्या मुलीसारखं बघितलं त्यांनी.

"मला तर नव्हती वाटली. पण मशीन कशाला खोटं बोलेल? तुमच्यासारखी शिकलेली माणसं सांगतात म्हटल्यावर... माझंच अंग निबर झालं असेल उन्हाला. मलाच कळलं नसेल. मी रोज आठवून बघते हो, पोरं घामेजली होती का. आता तर मला दिसतातच घामेजलेली."

प्रयोगशाळेत परतले तेव्हा तीन वाजले होते. सरोदे सर जिल्हाधिकाऱ्यांकडे बैठकीला गेले होते. मी नकाशाचा कागद समोर घेऊन बसले. एवढ्यावर काय होईल, ते मला माहीत होतं. चटई पुराव्यातून बाद होईल. पण सरकारी वकील म्हणेल, चटई गच्चीवर होती तर होती. खोली तापली नव्हती हे कशावरून?

त्याचं उत्तर थंड कपाटात होतं. एकशे सतराचा दुसरा भाग. पोलिसांनी चटईबरोबर आणखी एक वस्तू जप्त केली होती. पहिल्याच नमुन्यात मर्यादेच्या वरचा आकडा आला म्हणून ती कधी वाचलीच गेली नाही. व्हिनाइलची बाहुली. बबी. निरू तिला डाव्या काखेत दाबून धरायची, जेवताना, झोपताना, शी करताना. त्या दिवशीही धरली होती. दवाखान्यात नेताना ती पाळणाघरात पडून राहिली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच आमच्या कपाटात आली.

आता मी किती दक्ष आई होते, ते बघा. रविवारी सगळी खेळणी मी उकळत्या पाण्यात काढायचे. त्या रविवारीही काढली. म्हणजे सोमवारी सकाळी बबीच्या अंगात एकही जुनी गाठ नव्हती. पाटी मी स्वतः कोरी करून दिली होती. तिच्यावर जे लिहिलं गेलं ते त्या एकाच दिवसाचं.

पाठ खोलीच्या हवेकडे होती. पोट निरूच्या बरगड्यांना चिकटलेलं.

मी बबीला टेबलावर ठेवलं. शेजारी आमची चहाची किटली होती. बटण दाबलं की दोन मिनिटांत पाणी उकळतं. बबीला धुतलं असतं तर कुणाला कळलं असतं? कपाटाची किल्ली माझ्याकडेच असायची. चटईचा नकाशा एकटा दिला असता तर मावशी कदाचित सुटल्या असत्या. संशयाचा फायदा. 'नमुना ओळखीचा नाही' ही माझी खोटी नोंदही कुणी उकरली नसती. आणि ती खोली तापली होती की नाही हे मात्र कुणालाच कधी कळलं नसतं. मावशींनाही. त्या आयुष्यभर घामेजलेली पोरं आठवत बसल्या असत्या.

मी बटण दाबलं. पाणी खदखदायला लागलं. बटण आपोआप खाली पडलं.

बबीच्या एका डोळ्याची पापणी मिटत नाही. त्या डोळ्याने ती छताकडे बघत होती. माझा हात आपोआप तिच्या कपाळाला लागला, उलटा. सवयच आहे. प्लास्टिक गार होतं, कपाटातून काढलेलं.

मी तिला पाटावर पालथं घातलं आणि पाठीवर पहिलं टिंब घेतलं.

छत्तीस अंश. पाच तास.

कूलर चालू होता. फडकं फिरत होतं. बाहेर सत्तेचाळीस असताना बाराच्या बारा मुलांना त्या बाईने छत्तीसमध्ये ठेवलं होतं.

मग उताणं केलं. पोटावर, जिथे निरूच्या दंडाने तिला दाबलं होतं तिथे.

एकेचाळीस पॉइंट दोन, तापाच्या भाषेत एकशे सहा. दीड तास.

औषधाचा अंमल उतरल्यापासून फोन येईपर्यंतचा वेळ. ऊन बाहेरून आलं नव्हतं. ते माझ्या मुलीच्या आत होतं, आणि ते आहे हे जगात दोघांनाच माहीत होतं, त्यातली एक मी.

मी आणखी दोन टिंबं घेतली, नियमाप्रमाणे. किटलीतलं पाणी तोवर निवलं.

सरोदे सर पाच वाजता आले. मी दोन्ही वाचनं, नकाशा आणि हाताने लिहिलेली दोन पानं त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी उभ्याउभ्याच वाचायला घेतलं, मग खुर्ची ओढली. दुसऱ्या पानावर ते दोनदा मागे गेले.

"हत्ती ओळखले होते तुम्ही."

"हो सर."

"आणि ताप सकाळी होता."

"एकशे एक."

"नोकरी जाईल हे सांगायला नको तुम्हाला. खोट्या नोंदीचा गुन्हा वेगळा." त्यांनी चष्मा काढला. "आणि तुमचा एकच अहवाल नाही जाणार, फिरके मॅडम. चार वर्षांतला प्रत्येक तीन टिंबांचा अहवाल पुन्हा उघडावा लागेल. किती माणसं आत आहेत आपल्या आकड्यांवर, हिशोब आहे?"

"नाही सर."

"मलाही नाही." ते उठून खिडकीशी गेले. बाहेर कुणाच्या तरी गच्चीवर काहीतरी वाळत होतं. "तीन टिंबांचा नियम मीच केला होता. वेळ वाचावा म्हणून."

घरी हर्षलला सांगितलं. तो निरूला भरवत होता. चमचा हवेत धरून राहिला.

"औषधाचं पण?"

"सगळं."

"चमचा तू भरलास. हात मी धरले होते. तेही लिहिलंस?"

"नाही."

"मग ते मी सांगतो," तो म्हणाला, आणि निरूच्या तोंडाशी चमचा नेला. तिने मान फिरवली. वर्षभरात पहिल्यांदाच आम्ही एक वाक्य शेवटपर्यंत नेलं होतं. त्याने बरं वाटलं, असं मात्र नाही.

इंदूमावशींना मी फोन केला. निकालाच्या आधी त्यांना माझ्याकडून कळायला हवं होतं. मी सगळं सांगितलं, जसं झालं तसं.

"म्हणजे माझी खोली तापली नव्हती?"

"नाही मावशी. छत्तीस होती."

"छत्तीस," त्या म्हणाल्या. पुन्हा एकदा म्हणाल्या, "छत्तीस." मला वाटलं, आता रडतील किंवा शिव्या देतील. दोन्हीपैकी काही झालं असतं तर बरं झालं असतं.

"मला सांगायचं व माय सकाळीच," त्या म्हणाल्या. "नियम काय, मीच केलेला. मी ठेवून घेतली असती तिला. बाकीच्या पोरांपासून बाजूला घेऊन बसले असते. कपाळावर पट्ट्या ठेवल्या असत्या. मला माहीत असतं ना, तर मी अडीचपर्यंत झोपू दिलंच नसतं तिला. मला वाटलं, पोरगी शांत झोपलीये."

मग त्यांनी फोन ठेवला.

त्या सुटल्या. पाळणाघर पुन्हा उघडलं नाही. कोर्टाने सोडलं तरी आया सोडत नाहीत. रोहनच्या मम्मीला अजून आठवतं, तिचा रोहन कसा गळून यायचा. सरोदे सर प्रयोगशाळेच्या थंड कपाटाशी रोज बसतात, एकेक जुना नमुना पाटावर अंथरतात. आतापर्यंत सहा आकडे चुकीचे निघालेत, असं ऐकते. माझं प्रकरण अजून चालू आहे. मी घरी असते. निरूला चालवते, बोलवते. सात शब्द झालेत.

बबी परत मिळाली ती दिवाळीच्या सुमारास, पावतीवर सही करून. पाठीवर एक टिंब, पोटावर तीन, सुईने टोचल्यासारखी. निरूने तिला बघितलं आणि काही क्षण ओळखलंच नाही. मग ओढून घेतली, डाव्या काखेत दाबली, तोल सावरत खिडकीपाशी जाऊन बसली.

थोड्या वेळाने तिने बबीला मांडीवर घेतलं. उलटा हात कपाळाला लावला. आणि भुवया उंचावून माझ्याकडे बघितलं, रोज बघते तशी, उत्तरासाठी.

"आहे," मी म्हटलं. "ताप आहे, बाळा."

तिने हात काढला नाही. तशीच बसून राहिली, माझ्याकडे बघत. आता पुढे काय करायचं असतं, ते मी तिला कधी शिकवलंच नव्हतं.